‘आज वार कोणता?’ हे विचारण्याआधी: ज्येष्ठांच्या स्मरण-आकलनाची तपासणी, पायरीपायरीने

राउंड चालू असतो. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, जरा वरच्या पट्टीत प्रश्न येतो, ‘आजी, आज वार कोणता? पंतप्रधान कोण?’ आजी गप्प. केसपेपरवर ‘डिमेन्शिया’, म्हणजे स्मृतिभ्रंश, असा शब्द पडतो आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. पुढच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते प्रश्नचिन्ह गळून पडतं, शब्द तेवढा उरतो. मी शिकत होते तेव्हा असंच चालायचं, अजूनही पुष्कळ ठिकाणी चालतं. चार दिवस सलाईन लावून पडलेल्या माणसाला वार आठवत नाही यात नवल काय? मोठ्या सुटीत मलाही आठवत नाही.

दुसरं टोक म्हणजे ‘साठी बुद्धी नाठी’. ‘वयच झालं आता’ म्हणत घरचे दोन-तीन वर्षं काढतात आणि डॉक्टरही मान डोलावतात. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येऊन अडणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, हे वयाबरोबर येतं. चाळीस वर्षं पायाखालच्या रस्त्यावर आपलं घर न सापडणं हे वयाचं नाही. लासी-डॅड या राष्ट्रीय अभ्यासाच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास माणसं डिमेन्शियासह जगताहेत. आपल्या ओपीडीच्या रजिस्टरात हा शब्द महिन्यातून किती वेळा येतो, एकदा मोजून बघा.

मी तालुक्याच्या गावी मेडिसिनची ओपीडी बघते. हा लेख मुख्यतः तरुण डॉक्टर, सिस्टर आणि उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासाठी आहे. घरात कुणाची काळजी वाटत असेल तर घरच्यांनीही वाचावा. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: माणसाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या स्वतःशी करायची. निवृत्त मुख्याध्यापक स्मरणाच्या चाचणीत 30 पैकी 28 गुण मिळवतात, पण घरी एकच वीजबिल दोनदा भरून येतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजी 17 वर थांबतात, पण बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून पैशापैशाचा हिशेब मांडून भांडतात. मला काळजी वाटते ती गुरुजींची. म्हणून गुणांचा कागद सहाव्या पायरीवर येतो, त्याआधी पाच पायऱ्या चढाव्या लागतात.

पायरी 1: घरच्यांचं ऐका, पण वेगळं बसवून

आधी पेशंटशी बोला. ‘तुम्हाला स्वतःला काही फरक जाणवतो का?’ एवढंच विचारून थांबा. मग परवानगी घ्या: ‘बाबा, तुमच्या सूनबाईंशी पाच मिनिटं बोलू का?’ माणसासमोर त्याच्या चुका मोजल्या की तो पुढच्या तपासणीत आपला राहत नाही. आणि घरचेही समोर खरं बोलत नाहीत.

कुणाला विचारायचं हे महत्त्वाचं. पुण्याहून दिवाळीला येणारा मुलगा सांगतो, ‘फोनवर तर छान बोलतात.’ फोनवर सगळेच छान बोलतात. ‘बरं आहे ना? जेवलास का?’ एवढ्यात संभाषण संपतं. एकाच चुलीवर जेवणारी सून किंवा बायको जास्त सांगते. कधी उलटंही होतं. रोज बघणाऱ्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाही आणि वर्षाने माहेरी आलेल्या लेकीला तो उंबऱ्यातच दिसतो. जमलं तर दोघांना विचारावं.

‘केव्हापासून?’ या प्रश्नाला ‘बरेच दिवस झाले’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून काळ सणांनी आणि लग्नांनी मोजा. गेल्या गणपतीत आरत्या पाठ म्हणत होते का? धाकटीच्या लग्नात पाहुण्यांना नावानिशी ओळखलं का? त्याच्या आदल्या वर्षी? तीन-चार खुणा मिळाल्या की चढउतार समोर येतो: हळूहळू घसरण, पायऱ्यापायऱ्यांनी घसरण, की परवा अचानक कोसळलेलं. हळूहळू घसरत गेलं असेल तर अल्झायमर हा डिमेन्शियाचा प्रकार मनात येतो, पायऱ्यापायऱ्यांनी असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार, आणि अचानक असेल तर पायरी 3 कडे पळा.

नातेवाइकांसाठी तयार प्रश्नावल्या आहेत. एडी-8 मध्ये आठ प्रश्न, आणि दोन किंवा अधिक ठिकाणी ‘हो, बदल झालाय’ आलं की पुढे तपासायचं. आयक्यूकोडच्या छोट्या आवृत्तीत 16 प्रश्न असतात आणि प्रत्येकात दहा वर्षांपूर्वीच्या त्याच माणसाशी तुलना असते. अशा प्रश्नावल्यांत शिक्षणाचा अडथळा फारसा येत नाही. अक्षरओळख नसलेल्या पेशंटसाठी एकच साधन निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन, गुणांची चाचणी नाही.

बोलता बोलता एका गोष्टीवर नजर ठेवा. प्रश्न विचारला की पेशंट मान वळवून बायकोकडे बघतो का? ‘काल जेवायला काय होतं?’ आणि लगेच मान तिकडे. एकदा झालं तर सोडून द्या, दर प्रश्नाला झालं तर नोंदवा. स्वतःहून एकटा येऊन ‘डॉक्टर, मी हे विसरलो, ते विसरलो’ अशी तारीखवार यादी देणाऱ्यापेक्षा, घरच्यांनी ओढून आणलेला आणि ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणणारा मला जास्त चिंतेत टाकतो.

पायरी 2: कान, डोळे, आणि खुर्चीवर बसण्याजोगी अवस्था

कानात मळ आहे का ते ऑटोस्कोपने बघा. पाठीमागून हळू आवाजात एक शब्द बोलून तो परत म्हणायला सांगा. ऐकू येत नसेल तर ओरडू नका. वरच्या पट्टीतले आवाजच म्हाताऱ्या कानांना आधी ऐकू येईनासे होतात. समोर बसा, मास्क खाली घ्या, आवाज खर्जात ठेवा आणि सावकाश बोला. श्रवणयंत्र बहुधा घरी कपाटात असतं. ते नसेल तर एक जुनी युक्ती चालते: स्टेथोस्कोपची टोकं पेशंटच्या कानात घाला आणि दुसऱ्या टोकाशी हळू बोला. मला अनेकदा ‘बहिरे’ आजोबा असेच बोलते झालेले दिसलेत.

चष्मा आणलाय का? मोतीबिंदू पिकलाय का? लघवी तुंबली आहे का, चार दिवस पोट साफ नाही का, गुडघा ठणकतोय का? रक्त द्यायचं म्हणून सकाळपासून उपाशी असलेल्या मधुमेही माणसाला अकरा वाजता चाचणीला बसवणं हा अन्याय आहे. चहा-बिस्किट होऊ द्या, मग बसा.

आणि भाषा. फॉर्मवर ‘मराठी’ लिहिलेलं असतं. घरी अहिराणी असेल, मालवणी असेल, बंजारा तांड्यावरची गोरमाटी असेल, सोलापूरकडे तेलुगू किंवा कन्नड असेल. म्हातारपणी माणूस पहिल्या भाषेकडे परततो. पुस्तकी मराठीतला प्रश्न त्याला कळला नाही, तर गुण जातात ते तुमच्या भाषेचे.

पायरी 3: हा गोंधळ कालचा आहे की वर्षभराचा?

इथे चुकलं तर माणूस दगावतो, म्हणून या पायरीवर थोडं थांबू.

तासा-दिवसांत आलेला, दिवसातून कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम. तो तातडीचा आजार आहे. त्याच्यामागे काहीतरी शारीरिक बिघडलेलं असतं. 1990 मधली सीएएम ही पद्धत चार गोष्टी बघायला सांगते: अचानक सुरुवात आणि चढउतार, लक्ष न टिकणं, विस्कळित बोलणं-विचार, जागेपणाची बदललेली पातळी. पहिल्या दोन हव्यातच, आणि शेवटच्या दोनांपैकी एक. फोर-एटी ही त्याहून झटपट चाचणी: सावधपणा, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि साल, महिने उलटे म्हणणं, आणि अलीकडचा बदल. एकूण 4 किंवा अधिक आले तर डिलिरियम धरून चला. जन्मतारखेबद्दल एक सावधगिरी: आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांची तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलेली 1 जून असते आणि कितींची तीही नसते. आधार कार्डावर काय आहे ते नातेवाइकांकडून आधी बघून घ्या.

लक्ष तपासायला मी आधी वार उलटे म्हणायला लावते. ‘रविवार, शनिवार, शुक्रवार…’ हे शाळा न शिकलेल्यालाही येतं. डिलिरियममध्ये माणूस गुरुवारपाशी हरवतो, खिडकीकडे बघायला लागतो, किंवा वार सोडून तिसरंच बोलतो. अल्झायमरच्या सुरुवातीला हे बहुधा जमतं. तिथे अडचण पाच मिनिटांपूर्वीचं आठवण्यात असते.

हात झटकणारा, सलाईन ओढणारा, रात्री ‘घरी जायचंय’ म्हणून ओरडणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो. सुटतो तो दुसरा: शांत पडून असलेला, जेवायला उठवलं तर दोन घास खाऊन परत डोळे मिटणारा. सिस्टर म्हणतात, ‘सात नंबर काही त्रास देत नाहीत.’ त्या सात नंबरला आधी तपासा. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम खाली येणं, साखर घसरणं, खुब्याच्या ऑपरेशननंतरचे दिवस, नवी गोळी, तुंबलेली लघवी, रोजची दारू एकदम बंद होणं, ही नेहमीची कारणं.

आणि एक प्रश्न कधीच वगळू नका: ‘गेल्या दोन महिन्यांत पडले होते का?’ मोरीत पाय घसरला, डोक्याला टेंगूळ आलं, हळद लावली, विसरून गेले. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साठतं आणि काही आठवड्यांनी माणूस ‘भ्रमिष्टासारखा’ वागायला लागतो. याचं निदान सीटी स्कॅनवर होतं आणि बऱ्याचदा ऑपरेशनने माणूस पूर्ववत होतो.

डिलिरियम सापडला तर तपासणी इथेच थांबवा. आधी कारणावर उपचार करा. स्मरणाची चाचणी त्या दिवशी घ्यायची नाही, डिस्चार्जच्या दिवशीही नाही. काही आठवडे जाऊ द्या, मग ओपीडीत बोलवा. मात्र एवढं नोंदवून ठेवा की एकदा डिलिरियम झालेल्या माणसावर पुढेही लक्ष ठेवायला हवं. पुष्कळदा खाली आधीपासून डिमेन्शियाची सुरुवात असते आणि संसर्ग फक्त ती उघडी पाडतो.

पायरी 4: गोळ्यांची पिशवी उलटी करा

चिठ्ठी बघून भागत नाही. ‘घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा’ असं सांगा आणि पिशवी टेबलावर रिकामी करा. तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी, मेडिकलवाल्याने दिलेलं खोकल्याचं औषध, सगळं एकत्र दिसतं.

शोधायच्या त्या या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्या, ज्या कुणीतरी दहा दिवसांसाठी दिल्या आणि दहा वर्षं चालू राहिल्या. पायांच्या जळजळीसाठी ॲमिट्रिप्टिलिन. सर्दी-खाजेसाठी क्लोरफेनिरामिन. वारंवार लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन. हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. शेवटच्या चार मेंदूतल्या ॲसिटिलकोलिनचं काम अडवतात, आणि स्मरणाला नेमकं तेच लागतं. गंमत म्हणजे डिमेन्शियासाठी दिली जाणारी डोनेपेझिल ॲसिटिलकोलिन टिकवून धरते, आणि एकाच पिशवीत डोनेपेझिल आणि ऑक्सिब्युटिनिन शेजारी शेजारी नांदताना मी पाहिली आहेत. एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर.

झोपेची गोळी एकदम तोडू नका. आठवड्यां-महिन्यांनी उतरवत न्या. आणि मेटफॉर्मिन व सकाळची ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या, त्यातून शाकाहारी असलेल्या माणसाचं बी-12 तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी 5: उदासी

बायको गेल्यावर सहा महिन्यांत ‘बाबांना काही आठवेनासं झालं’ असं ऐकलं की आधी मनाकडे बघा. ज्येष्ठांसाठीची उदासीनतेची 15 प्रश्नांची जीडीएस प्रश्नावली हो-नाहीत संपते. 5 किंवा जास्त गुण असतील तर नैराश्याचा विचार करा. वागण्यातला फरकही सांगून जातो. उदास माणूस प्रश्न पुरा होण्याआधी ‘माहीत नाही, सोडा’ म्हणतो. डिमेन्शियाचा माणूस पुष्कळदा प्रयत्न करतो, चुकतो, आणि चुकीचं उत्तर ठामपणे देतो. अर्थात दोन्ही एकाच घरात नांदू शकतात, म्हणून हा फरक म्हणजे फक्त इशारा समजा.

‘जगावंसं वाटत नाही असं होतं का?’ हे स्पष्ट विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा, पेशंटला एकटं सोडू नका म्हणून घरच्यांना सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कागदावर लिहून द्या.

पायरी 6: आता चाचणी

दाराबाहेरचा पंखा चालेल, आतली गर्दी चालणार नाही. नातेवाईक बाहेर बसवा, नाहीतर पेशंटच्या पाठीमागे, तेही तोंड बंद ठेवून. मुलगा ‘सांगा ना बाबा, परवाच तर बोललो आपण’ असं म्हणाला की चाचणी संपली. सुरुवात अशी करा: ‘आता मी काही प्रश्न विचारते. काही सोपे वाटतील, काही अवघड. सगळी उत्तरं कुणालाच येत नाहीत.’ ‘अगदी सोपे प्रश्न आहेत’ असं कधी म्हणू नका. सोप्या प्रश्नाला अडलेल्या माणसाची मान खाली जाते.

कोणती चाचणी घ्यायची?

वेळ तीनच मिनिटं असेल तर मिनी-कॉग. तीन शब्द सांगायचे, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावायचं, मग ते तीन शब्द विचारायचे. प्रत्येक शब्दाला 1, बरोबर घड्याळाला 2, एकूण 5. तीनपेक्षा कमी आले तर पुढची तपासणी. लिहिता येणाऱ्यासाठी झकास. ज्याने आयुष्यात पेन धरलेलं नाही त्याच्या हातात कागद देऊन ‘गोल काढा’ म्हणणं मात्र क्रूर आणि निरुपयोगी.

1975 ची एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) सगळ्यांना माहीत असते. 30 गुण, 24 पेक्षा कमी म्हणजे शंका, अशी ढोबळ रेषा. तिचं ओझं शिक्षणावर फार पडतं: वाचा, वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करत जा. मूळ इंग्रजीत एक जीभ वळवणारं वाक्य परत म्हणायला लावतात. ते शब्दशः मराठीत आणलं की त्याची अवघड बाजूच निघून जाते. म्हणून वॉर्डात बसून स्वतः भाषांतर करू नका. हरियाणातल्या बल्लभगढच्या गावांत, निरक्षर ज्येष्ठांना समोर ठेवून 1990 च्या दशकात हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली. तिने शंभरातून सातऐवजी विसातून तीन वजा करायला लावले, वार उलटे विचारले, आणि ‘वाचा आणि डोळे मिटा’च्या जागी ‘माझ्याकडे बघा, मी करते तसं करा’ असं ठेवलं. शिक्षण न मोजता मेंदू कसा मोजायचा, हे त्या बदलांवरून शिकावं.

2005 ची मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) ही चाचणी सुरुवातीचा, सौम्य बिघाड पकडण्यात एमएमएसईपेक्षा तिखट आहे. तिची मराठी आवृत्तीही आहे, आणि शिक्षण कमी असलेल्यांसाठी मोका-बेसिक आहे. मूळ रेषा 26 ची, आणि शिक्षण 12 वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून द्यायचा. पण ही रेषा कॅनडात आखलेली आहे. सातवी शिकलेल्या माणसाला एका वाढीव गुणाने बारावीपर्यंत नेता येत नाही. मोकामध्ये 22 आलेल्या शेतकऱ्याला मी त्यावरून कधी आजारी ठरवत नाही. सहा महिन्यांनी 22 चे 18 झाले तर मात्र कान टवकारते. निवृत्त इंजिनिअरचं उलट असतं. त्यांच्या मेंदूत साठा एवढा असतो की 27 गुण आले तरी आत बरंच काही ढासळलेलं असू शकतं. शंका असेल तर त्यांना न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे सविस्तर चाचणीला पाठवा.

गुणांपेक्षा मला चुकीचा प्रकार जास्त सांगतो. आठवत नसलेल्या शब्दासाठी इशारा द्या, गुण न देता: ‘तो एक रंग होता.’ इशाऱ्याने शब्द आला तर तो साठवलेला होता, फक्त हाताला लागत नव्हता; नैराश्यात आणि रक्तवाहिन्यांच्या आजारात असं जास्त दिसतं. इशाऱ्यानेही आला नाही, किंवा ‘तुम्ही कुठे शब्द सांगितले होते?’ असं आलं, तर साठवणच झालेली नाही, आणि अल्झायमरकडे बोट जातं. घड्याळात ‘अकरा वाजून दहा’ सांगितल्यावर एक काटा 11 वर आणि दुसरा 10 वर ठेवणारे बरेच भेटतील. ऐकलेल्या आकड्याला मेंदू चिकटतो आणि दहा मिनिटं म्हणजे काटा 2 वर, हे भाषांतर करत नाही. एका मिनिटात भाज्यांची नावं विचारली की सुगरण आजीही ‘वांगी, बटाटा, वांगी…’ करत फिरते का ते बघा.

तारखेबद्दल एक सूचना. ‘आज तारीख किती?’ला ‘काल एकादशी झाली, म्हणजे द्वादशी’ असं उत्तर आलं आणि पंचांगाने ते बरोबर निघालं, तर त्या बाईला काळाचं भान पक्कं आहे. फॉर्मच्या नियमाने गुण गेला तरी शेजारी ते लिहा.

चुकलं तर ‘चूक’ म्हणू नका, बरोबर उत्तरही सांगू नका. ‘ठीक, पुढे जाऊ’. डोळ्यात पाणी आलं किंवा राग चढला तर थांबा. ‘तीनच प्रश्न घेतले, पुढे त्रास झाला म्हणून थांबवलं’ ही नोंदही कामाची असते.

चाचणीचे गुण चांगले आले म्हणून सगळं ठीक असं समजू नका. सरळमार्गी माणूस साठीच्या आसपास चारचौघांत अर्वाच्य बोलायला लागला, गोडावर तुटून पडायला लागला, बायकोच्या आजारपणाचं काही वाटेनासं झालं, तर स्मरण शाबूत असूनही मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार असू शकतो. अंगणात लहान मुलं दिसतात, झोपेत हातपाय झाडतात आणि चाल ताठरली आहे, असं असेल तर लेवी बॉडी डिमेन्शियाचा विचार करा. अशा माणसाला हॅलोपेरिडॉल दिलं तर अंग लाकडासारखं होऊन जिवावर बेततं. घरच्यांनी ‘बाहेरचं’ समजून आधी कुठे दाखवलं होतं का, तेही न रागावता विचारा.

पायरी 7: चहा, गॅस, पेन्शन

नुसतं विसरणं आणि डिमेन्शिया यांच्यातली सीमारेषा रोजच्या कामांतून जाते. चाचणीत घसरण आहे पण कामं चालू आहेत, तर सौम्य बोधनिक बिघाड. कामं अडायला लागली, दुसऱ्याला करावी लागायला लागली, तर डिमेन्शिया. लॉटनची 1969 ची यादी फोन, खरेदी, स्वयंपाक, पैसे, औषधं, प्रवास अशी आठ कामं विचारते. कॅट्झची 1963 ची यादी अंघोळ, कपडे, शौच, हालचाल, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण अशी सहा. पण या याद्या डोळे झाकून भरू नका. ज्या आजोबांनी जन्मात भात लावला नाही त्यांना ‘स्वयंपाक जमतो का?’ विचारून गुण कापणं हास्यास्पद आहे. जी कामं हा माणूस करत होता, तीच विचारायची.

चहा करताना साखर दोनदा पडते का, की पत्तीच राहते? गॅस तसाच सुरू राहिला का? नऊवारीच्या निऱ्या आता कुणी घालून देतं का? पूजेचा क्रम चुकतो का? भाजीवालीला पाचशेची नोट देऊन उरलेले पैसे न घेता निघून आले का? नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत स्वतः जात होते, यंदा कोण घेऊन गेलं? फोनवर कुणाला ओटीपी सांगितला का? एसटीतून चुकीच्या फाट्यावर उतरले का? चार ठोस उत्तरं मिळाली की निदान जवळजवळ हातात असतं. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात ज्येष्ठांसाठी जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का असा प्रश्न आहे. तिथे ‘हो’ असलेली माणसं उपकेंद्रावर बोलवून घ्या. तो फॉर्म पुष्कळदा फायलीतच राहतो.

पायरी 8: रक्त आणि स्कॅन

हिमोग्रॅम, साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, कॅल्शियम, लिव्हर, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-12. इतिहासात तसं काही असेल तर एचआयव्ही आणि सिफिलिस. मेंदूचा एक स्कॅन शक्य असेल तर एकदा करावाच; एमआरआय चांगला, सीटीही चालतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा जाणं आणि मंदावलेली बुद्धी हे तिन्ही एकत्र दिसले तर मेंदूतल्या पाण्याचा आजार शोधा, त्यावर शंट, म्हणजे ते पाणी वळवणारी नळी, घालता येतो. काही आठवड्यांतच झपाट्याने घसरण, नवे झटके, किंवा 65 च्या आतलं वय असेल तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे.

पायरी 9: सांगणं, आणि दाखल्याची मागणी

पेशंटला आधी विचारा: ‘रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? कुणाला सोबत बसवू?’ घरचे डोळ्यांनी ‘सांगू नका’ म्हणतात. सगळं एका दमात सांगायची गरज नाही, पण खोटं सांगू नका. ‘स्मरणशक्तीचा आजार आहे, याला डिमेन्शिया म्हणतात, हा वेडेपणा नाही आणि तुमचा दोषही नाही.’ ‘वेड’ हा शब्द कुणी उच्चारायच्या आधी तुम्हीच तो बाजूला ठेवा. मग एकच काम द्या: गोळ्यांचा डबा कोण भरणार, गॅसचा कॉक रात्री कोण बंद करणार, एवढं ठरवून घरी पाठवा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 चिठ्ठीवर लिहा.

याच टप्प्यावर एखादा मुलगा मागे थांबतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, बाबांचं डोकं ठीक आहे असा दाखला द्या, बक्षीसपत्र करायचंय.’ किंवा नेमकं उलट: ‘ठीक नाही असा द्या.’ मोकाच्या गुणांवरून असा दाखला देऊ नका. निर्णयक्षमता त्या-त्या निर्णयापुरती तपासायची असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 उपचारांच्या निर्णयाबाबत हेच बघायला सांगतो: माहिती समजते का, परिणाम कळतात का, निर्णय सांगता येतो का. मृत्युपत्राबद्दल भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 59 तर एरवी बुद्धी ठिकाणावर नसलेल्यालाही, ती ठिकाणावर असेल त्या वेळी मृत्युपत्र करू देतं. म्हणून नातेवाइकांना बाहेर काढा आणि एकट्या पेशंटला विचारा: तुमच्याकडे काय काय आहे? कोणाला काय द्यायचंय? का? उरलेल्यांना काय वाटेल? उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा आणि जुळतात का बघा. घाई ज्याला आहे त्याचं नावही नोंदवा.

पायरी 10: केसपेपर आणि पुढची तारीख

‘मोका 19’ एवढंच लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरच्या काही कामाचा नसतो. माझी नोंद साधारण अशी असते:

‘वय 72, चौथी पास, घरी अहिराणी. सकाळी 10.30, चहा-नाश्ता झालेला, चष्मा आहे, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, समोर बसून बोललं. माहिती सुनेकडून, एकत्र राहतात. दोन वर्षं हळूहळू. गेल्या पोळ्याला बैल स्वतः सजवले, यंदा दावं बांधायला जमलं नाही. पडण्याचा इतिहास नाही. वार उलटे बरोबर. जीडीएस 3. क्लोनाझेपाम पाच वर्षं, कमी करत आहोत. मोका-बेसिक आज 19, पाच शब्दांपैकी 1, इशाऱ्याने फरक नाही. पैशाचा व्यवहार सहा महिन्यांपासून मुलगा बघतो, अंघोळ-जेवण स्वतः. बी-12 कमी, इंजेक्शन सुरू. बी-12 आणि गोळी कमी झाल्यावर तीन महिन्यांनी फेरतपासणी, दुसऱ्या शब्दयादीने. निदान आज लिहिलेलं नाही.’

फेरतपासणीला दुसरी शब्दयादी लागते, कारण मोकाच्या पर्यायी आवृत्त्या त्यासाठीच आहेत आणि तेच शब्द परत विचारले तर काही जणांना पाठ झालेले असतात. वेळही जमेल तर सकाळचीच ठेवा, आणि सोबत तीच सून येईल असं बघा.